मागचा ठिपका

आमच्या फेरीबोटीवर रडार आहे हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ते खरं वाटत नाही. चाळीसच्या वर उतारू नेणाऱ्या प्रत्येक बोटीला रडार हवंच असा नियम निघाला तेव्हा आमच्याकडे बेचाळीस खुर्च्या होत्या. मालकांनी आधी दोन खुर्च्या काढून पाहिल्या. त्या जागी लोक उभे राहायला लागले आणि उतारू पन्नास झाले. मग मोडीत काढलेल्या एका जहाजावरचं रडार आणून आमच्या केबिनमध्ये बसवलं.

त्याचे आम्हाला पुष्कळ उपयोग झाले. पेटीचा वरचा पत्रा कोमट राहतो, त्यावर जेवणाचे डबे ठेवता येतात. थंडीत मोजे वाळतात. पडद्याच्या हिरव्या उजेडात सुकाणूवाल्याला पहाटे स्वतःचा चष्मा सापडतो. याखेरीज धुक्यात आजूबाजूला काय आहे तेही दिसतं म्हणतात. पण धुकं आमच्याकडे वर्षातून दहा-बारा दिवस, आणि डबे रोज.

बोटीचे कप्तान म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. सुकाणूवर एक बुजुर्ग गृहस्थ असतात, त्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात. कोणी काहीही म्हटलं तरी त्यांचं उत्तर तेच. मी तिकिटं फाडतो, दोर बांधतो आणि बांधलेले सोडतो. ही नोकरी मला माझ्या गुणांवर मिळाली असं ताई म्हणते. कोणत्या गुणांवर ते ती सांगत नाही.

तर त्या रडारला पहिल्या दिवसापासून एक खोड होती. पडद्यावर मधोमध आपण, वरच्या बाजूला पुढचं, खालच्या बाजूला मागचं, असा सरळ हिशेब. पण खालच्या बाजूला, म्हणजे बोटीच्या बरोबर मागे, एक ठिपका कायम दिसायचा. आपण पुढे गेलो की तो पाठोपाठ यायचा. पहिल्या आठवड्यात भाऊजींनी तीनदा बोट थांबवून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. चौथ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कायम पाठीमागे, कामाचा शून्य, आणि घालवावा म्हटलं तर घालवता येत नाही," ते म्हणाले. "मेहुणा आहे हा."

नाव चिकटलं. पुढे रडारचा माणूस आला तेव्हा कळलं की दोष आमच्या धुराड्याचा. रडारच्या फिरत्या पट्टीच्या मागे ते जाडजूड लोखंडी धुराडं उभं. समोरच्या धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनवरून परत आलेल्या लहरी धुराड्यावर आपटायच्या, आणि रडारला वाटायचं की एक क्रेन मागेही आहे. आपण धक्क्याजवळ जाऊ तशी ही खोटी क्रेनही जवळ यायची. "धुराडं काढा किंवा दुर्लक्ष करा," तो म्हणाला. आमच्यात दुर्लक्ष करणारी माणसं आधीपासून हजर होती, तेव्हा तेच ठरलं.

बदलीवर येणारे नवे कप्तान घाबरू नयेत म्हणून भाऊजींनी पडद्याच्या खालच्या भागावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर पेनाने लिहिलं, 'मेहुणा'. कुठलीही वस्तू फार जवळ आली की रडारवरचा धोक्याचा लाल दिवा लुकलुकतो आणि बझर ओरडतो. मेहुण्यामुळे तो धक्क्याजवळ हमखास ओरडायचा, म्हणून बझरवर एक लोकरी मोजा चढवला. दिवा मात्र कोणी झाकला नाही. केबिनमध्ये तेवढीच रोषणाई, असं सावकाश यांचं मत पडलं.

ही झाली बारा वर्षांची व्यवस्था. ती उत्तम चालली होती. आता त्या सकाळचं सांगतो.

आदल्या संध्याकाळी वर्कशॉपच्या फिटरने आमचं धुराडं बुडापासून कापून नेलं होतं. गंजून चाळण झाली होती त्याची. त्याऐवजी एक नळी बसवली. धूर आता बोटीच्या कुशीतून पाण्यालगत बाहेर पडणार होता. बोटीच्या दृष्टीने सुधारणा असेल. मी बारा वर्षं रोज सकाळी त्या धुराड्याला पाठ लावून उभा राहात आलो होतो. त्या सकाळी पाठ टेकायला गेलो आणि पडता पडता वाचलो.

सात वाजता धुकं उतरलं. नुसतं उतरलं नाही, ऐसपैस बसलं. धक्क्यावर उभं राहून बोट दिसेना, आणि बोटीवरून स्वतःचे बूट. साडेसातची पहिली फेरी. उतारू चढत होते तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. ताई होती. तिचा आवाज फोनपासून चार हातांवरही ऐकू येतो, त्यामुळे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

"अहो, ती अजून परत आली नाही."

ती म्हणजे माझी भाची. बंदर खात्यात आहे. खाडीत जहाजांना वाट दाखवायला मोठे तरंगते पिंप असतात, बोया म्हणतात त्यांना. त्यांच्यावर लाल, हिरवे, पिवळे दिवे असतात, प्रत्येकाचं लुकलुकणं वेगळं. ते दिवे जागेवर आणि जिवंत ठेवणं हे तिचं काम. भाऊजींच्या मते तिने कोरड्या जमिनीवरची नोकरी धरायला हवी होती. स्वतः पस्तीस वर्षं पाण्यावर काढल्यामुळे त्यांना तसं म्हणण्याचा हक्क होता, आणि त्यांचीच मुलगी असल्यामुळे तिला ते न ऐकण्याचा.

पहाटे सहाला ती लहान बोट घेऊन एकटीच सात नंबरच्या बोयाची बॅटरी बदलायला गेली होती. पाऊण तासाचं काम.

"फोन?" भाऊजींनी विचारलं.

"घरी चार्जिंगला. इथे माझ्यासमोर वाजतोय."

"वॉकीटॉकी?"

"ती नेली आहे म्हणे. पण ऑफिसातून हाक मारतायत, उत्तर नाही."

पुढे कळलं की वॉकीटॉकीची बॅटरी उतरली होती. सबंध खाडीच्या बॅटऱ्या बदलत हिंडणारी मुलगी! पण ते पुढे. तेव्हा भाऊजींनी फक्त "बघतो" म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. दुसऱ्यांदा ठेवला, कारण पहिल्यांदा तो खिशात गेलाच नव्हता, खाली पडला होता.

केबिनमधल्या रेडिओवर बंदर नियंत्रणाच्या बाई आल्या. या बाईंना आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण आवाज इस्त्रीचा.

"कप्तान, तुमच्या मुलीचं कळलं. शोधबोट निघाली आहे, पण तिला यायला चाळीस मिनिटं. आणि एक अडचण आहे. मालवाहू जहाज आत शिरलं आहे. धुकं पडायच्या आधीच मुखातून आत आलं."

"थांबवा त्याला."

"मागून भरतीचा जोर आहे. वेग अगदी कमी केलाय, पण ते जागेवर उभं राहू शकत नाही आणि वळायला जागा नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सात नंबरच्या पुढे येईल. ते एका अंगाला घेता येईल, उजव्या किंवा डाव्या. पण कोणत्या, ते मला कळलं पाहिजे. ती कुठे आहे?"

भाऊजी पडद्यापाशी सरकले. ते रडारकडे बघत होते.

"तुमच्याकडे रडार आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी पेटीवरचे तीन डबे उचलून बाजूला ठेवले.

उतारूंना विचारणं भाग होतं. मी डेकवर जाऊन सांगितलं की एक लहान बोट हरवली आहे, आम्ही तिला शोधायला निघतोय, ज्यांना घाई असेल त्यांनी उतरावं. कोणी उतरलं नाही. उलट दोघे जण चढले. रोज पहिल्या फेरीला येणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझा पहिला पेशंट तसाही मी उशिरा येण्याचीच प्रार्थना करत असतो. चला."

आम्ही निघालो. सावकाश यांनी आयुष्यात पहिल्यांदा बोट वेगात काढली, आणि भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हटलं, "सावकाश!" त्यांना ती हाक वाटली. "काय?" म्हणाले. धुक्यात असली माणसं बरोबर असावीत, वेळ जातो.

सात नंबरचा बोया सापडला. पडद्यावर आधी दिसला, मग आकड्याच्या टप्प्यात प्रत्यक्ष: पिवळा, ओला, एका अंगावर कललेला. वरचा दिवा बंद. जुनी बॅटरी काढलेली, झाकण उघडं, आणि बाजूच्या कडीला दोराचं एक टोक लोंबत होतं. बोट नव्हती.

ते टोक मी आकड्याने ओढून घेतलं. कापलेलं नव्हतं, घासून तुटलेलं होतं. भाऊजींनी ते हातात घेऊन पाहिलं, अंगठ्याने त्याचे धागे मोजल्यासारखे फिरवले.

"भरतीबरोबर आत वाहात गेली," ते म्हणाले. "सव्वा तास धरू. नाही, तास. पाण्याला वेग किती, दीड मैल. इंजिन चालू असतं तर परत आली असती, म्हणजे इंजिन बंद." मग घड्याळ पाहिलं. "आत घ्या. हळू. दर दोन मिनिटांनी थांबायचं आणि ऐकायचं."

सव्वा की एक, हा त्यांचा घोळ मला तेव्हा लक्षात आला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी वेळेबद्दल दोनदा बोलताना ऐकलं नव्हतं.

आम्ही आत निघालो, पिठातून वाट काढल्यासारखे. दोन मिनिटं चालायचं, भोंगा द्यायचा, इंजिन बंद, ऐकायचं. मी उतारूंना सांगितलं की कृपा करून शांत राहा. शांतता झाली. म्हणजे बावन्न माणसं एकमेकांना "शू" म्हणायला लागली. एक बाई "अहो, शू म्हणू नका, शू म्हटलं की ऐकू येत नाही," असं चांगल्या दणदणीत आवाजात समजावत होत्या. त्यांच्या मुलाने विचारलं, "आई, शू लागलीय का कुणाला?" डॉक्टरांनी त्याच्या तोंडात एक गोळी घातली. दातांच्या डॉक्टरच्या खिशात गोळ्या का, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही.

केबिनमध्ये भाऊजी पडद्याला नाक लावून उभे. पुढचे ठिपके एकेक करून तपासत होते. हा आठ नंबरचा बोया. हा धक्क्याचा कोपरा. हा पक्ष्यांचा थवा, हा विरतोय. ही क्रेन. प्रत्येक ठिपक्याकडे बोट जायची, प्रत्येक ठिपका दुसरंच काही तरी निघायचा. लाल दिवा लुकलुकत होता. मोज्यातून बझरचा आवाज येत होता, उशाखाली मांजर घुरघुरावं तसा. कोणी तिकडे पाहात नव्हतं. बारा वर्षांत त्या दिव्याकडे पाहायची सवयच गेली होती.

"फायबरची बोट आहे," भाऊजी म्हणाले. "रडारला नीट दिसत नाही. तिला मी हजारदा सांगितलं, लोखंडी घे."

"मिळेल, सावकाश," सुकाणूवाले म्हणाले. या वेळी ते वाईट लागलं नाही.

रेडिओ खरखरला. "कप्तान, जहाज सात नंबरच्या अलीकडे आलंय. बारा मिनिटं. काही?"

"नाही."

"कोणत्या अंगाला घेऊ?"

"अजून नाही सांगता येत."

बाईंच्या आवाजाची इस्त्री मोडली. "सांगा हां," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."

मी केबिनच्या बाहेर आलो. करण्यासारखं काही नव्हतं. मागच्या डेकवर थंडी अंगात घुसत होती, दात वाजत होते. भाची सहा वर्षांची असताना मी तिला बोटीचा पहिला दोर बांधायला शिकवला होता. चुकीचा शिकवला होता; भाऊजींनी नंतर तो सुधारला. 'मामा, तुझी गाठ सुटते,' असं ती मला अजून ऐकवते. त्या बोयाच्या कडीला कोणती गाठ होती, माझी का भाऊजींची, असला काहीतरी विचार डोक्यात घोळत होता. गाठ सुटली नव्हती, दोर घासून तुटला होता, हे माहीत असूनही घोळत होता.

नेहमीप्रमाणे पाठ शेकायला मागे सरकलो आणि पुन्हा पडता पडता वाचलो. धुराडं नव्हतं.

धुराडं नव्हतं.

मग मला फिटर आठवला. काल संध्याकाळी कटर गुंडाळताना म्हणाला होता, "कप्तानांना सांगा, आता तो मागचा खोटा ठिपका दिसायचा नाही. पडद्यावरची ती पट्टी काढून टाका म्हणावं." मी हो म्हणालो होतो. मी पुष्कळ लोकांना हो म्हणतो. त्यातून बऱ्याचदा काही बिघडत नाही.

केबिनच्या दारात मी इतका जोरात घुसलो की सावकाश यांचा चष्मा पडला.

"भाऊजी, दिवा का लागलाय?"

"कुठला दिवा?"

"लाल! तो लाल दिवा का लागलाय?"

"मेहुण्यामुळे," भाऊजी मान न वळवता म्हणाले. "नेहमीचा आहे तो. मधे मधे करू नकोस."

"भाऊजी, धुराडं काल कापून नेलं. मेहुणा धुराड्यामुळे होता. धुराडं नाही तर मेहुणा नाही. मग मागे कोण आहे?"

भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याच्या तळाशी. चिकटपट्टीला बारा वर्षांत दगडाचं रूप आलं होतं. त्यांनी तिच्या कोपऱ्यात नख घातलं, नख मोडलं, दुसरं घातलं आणि एका झटक्यात ती ओरबाडून काढली.

खाली ठिपका होता. तांदळाएवढा, स्पष्ट, वरची रडारची पट्टी फिरेल तसा पुन्हा पुन्हा उजळणारा. अडीचशे-तीनशे मीटर मागे, जरा डावीकडे.

आम्ही बघत असताना तो किंचित पुढे सरकला. आमच्याकडे.

"येतोय," सावकाश म्हणाले. चष्मा नव्हता, तरी त्यांना दिसलं.

भाऊजींनी रेडिओ उचलला. आवाज अगदी साधा होता. "नियंत्रण, ती आहे. माझ्या आणि जहाजाच्या मधे. वाटेच्या मधोमध, आणि माझ्याकडे येतेय. मी वळून तिला आत येण्याच्या दिशेने डाव्या अंगाला काढतो. जहाज उजवीकडे घ्या. पूर्ण उजवीकडे."

"जहाज उजवीकडे," बाई म्हणाल्या, आणि मग आपला कायदा मोडून, "देवा!" असंही म्हणाल्या.

आम्ही वळलो. सावकाश यांनी बोट अशी वळवली की डेकवरचे बावन्न लोक एका बाजूला गेले आणि तिथून परत आले. मी पुढच्या टोकाला आकडा घेऊन उभा राहिलो. भोंगा दिला. इंजिन मंद केलं. धुकं, धुकं, धुकं, आणि मग धुक्यात उंचावर काहीतरी चमकलं.

एक पातेलं होतं. उपडं, स्टीलचं, वल्ह्याच्या टोकावर दोरीने बांधलेलं. वल्हं उभं, आणि वल्ह्याला दोन गुडघ्यांत धरून, दुसऱ्या वल्ह्याने जमेल तसं पाणी ढकलत आमची भाची बसलेली. केस चिकटलेले, चेहरा लाल, घसा पार बसलेला.

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं. भांडं चार हात उंचावर होतं.

"बाबा!" ती घोगऱ्या आवाजात ओरडली. "पळताय कुठे?"

भाऊजी केबिनमधून बाहेर आले होते. "पळतोय?"

"नाहीतर काय! मघापासून तुमच्या मागे वल्हवतेय! तुम्ही थांबता, मी जवळ येते, की तुम्ही निघालात पुढे! तुम्ही थांबता, मी येते, निघालात पुढे! छळ आहे का हा?"

"आवाज द्यायचा!"

"दिला! तुमच्या बोटीवर सगळे शू शू करतायत, त्यात कोणाला ऐकू येणार?"

डेकवरचे बावन्न लोक एकदम गप्प झाले. खऱ्या अर्थाने, पहिल्यांदाच.

मी दोर फेकला. तिने पकडला, बांधला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही बाबांची गाठ आहे मामा, काळजी करू नकोस." लहान बोट कुशीला घेऊन आम्ही वाटेच्या कडेला सरकलो, जेमतेम शंभर मीटर, आणि थांबलो.

मग ते जहाज गेलं. आधी पाण्यातून कंप आला, मग धुकं एका जागी काळं पडलं, आणि मग चार मजल्यांची एक भिंत आमच्या शेजारून सरकायला लागली. आवाज फार नव्हता. भिंत सरकत राहिली, सरकत राहिली, संपेचना. ज्या जागी आम्हाला पातेलं दिसलं होतं त्या जागेवरून ती गेली. मग तिचं बूड आलं, पांढरं पाणी आलं, आणि आम्ही सगळे वर-खाली झालो.

डॉक्टरांनी खिशातल्या सगळ्या गोळ्या वाटल्या.

भाऊजी कठड्याला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते मुलीला बोलणार. पस्तीस वर्षांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर येणार. ते वाकले, तिला काखेत हात घालून वर ओढून घेतलं, ती मोठी बाई असताना, लहान मूल उचलावं तसं, आणि डेकवर उभी केली. मग तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं, म्हणून उघडलं आणि पुन्हा लावलं.

"पातेलं कुठलं?" ते म्हणाले.

"आईचं. नाश्ता दिला होता त्यात. रडारला फायबर दिसत नाही, पत्रा दिसतो, म्हणून वर टांगलं. आणि कोपरे असले की अजून बरं, म्हणून चेपून घेतलं."

"चेपलंस?"

"बुडावर बसले."

"तुझी आई..."

"माहीत आहे."

दोर बोयाच्या कडेवर घासून कसा तुटला, पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकून इंजिन कसं बंद पडलं, हे तिने थोडक्यात सांगितलं. मग माझी पाळी होती. मी फिटरचा निरोप सांगितला. कालच सांगायचा होता, असंही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, आणि लपवावंसंही वाटत नव्हतं.

भाऊजी माझ्याजवळ आले. त्यांच्या बोटाला अजून ती चिकटपट्टी चिकटलेली होती. त्यांनी ती सोडवली, माझ्या कोटाच्या खिशावर लावली आणि तळहाताने दाबून बसवली.

"तू विसरलास," ते म्हणाले. "आणि तुलाच आठवलं. आता मी तुला बोलू काय?"

"बोला की."

"नंतर बोलतो. सुचत नाहीये."

दुपारपर्यंत मी ती पट्टी लावूनच तिकिटं फाडली. काढायची राहिली.

ताईला फोन केला. तिने तिकडून कोणी काही सांगायच्या आतच "मला माहीत होतं," असं म्हटलं, आणि मग रडायला लागली, आणि रडता रडता विचारलं, "पातेलं आहे ना?" फोन मुलीच्या हातात होता. तिने तो वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी माझ्या हातात. मी सांगितलं की रेंज जात आहे.

आता धुकं जरा विरळ झालं होतं. सावकाश यांनी धक्क्याच्या दिशेने बोट वळवली, तशी भाची केबिनच्या दारात आली.

"बाबा, सात नंबरवर थांबा."

"कशाला?"

"बॅटरी बसवायची राहिलीये."

"शोधबोट बसवेल."

"त्यांना येत नाही. उघडा दिवा आहे, पाणी जाईल आत. दहा मिनिटं द्या."

"बावन्न माणसं आहेत बोटीवर. सगळ्यांना उशीर झालाय."

बावन्न माणसांपैकी निम्मी केबिनच्या खिडक्यांना नाकं लावून हे ऐकत होती. डॉक्टर म्हणाले, "आम्हाला घाई नाही." "अजिबात नाही," त्या दणदणीत आवाजाच्या बाई म्हणाल्या. तोपर्यंत त्या सगळ्यांना ती आपली वाटायला लागली होती. एकाने तर वेळेवर कामावर पोचलो असतो तर काय उजेड पाडला असता, असा प्रांजळ प्रश्न विचारला.

आम्ही सात नंबरला बोट लावली. भाऊजींनी स्वतः आकडा धरला. मला दिला नाही. ती बोयावर उतरली, आणि त्यांनी तिच्या कमरेला दोर बांधून त्याचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं. तिने ते पाहिलं आणि काही म्हणाली नाही. नाही तर दोघांत या दोरावरून अर्धा तास गेला असता. बॅटरी बसली, झाकण लागलं. तिने बटण दाबलं.

पिवळा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

डेकवर टाळ्या झाल्या. एका दिव्याने लुकलुकावं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, असं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि वाजवणाऱ्यांत मीही होतो.

भाऊजी मनगटावरच्या घड्याळात बघत होते. दोन उघडझाप, तीन उघडझाप.

"पाच सेकंदांचा असायला हवा हा," ते म्हणाले. "साडेचार भरतायत."

"पाचच आहेत बाबा."

"मी मोजतोय ना."

"तुमचं घड्याळ बघू." तिने डेकवर चढून, वाकून पाहिलं. मग फोन नसल्यामुळे डॉक्टरांना वेळ विचारली. "बाबा, तुमचं घड्याळ बंद आहे. सव्वासातला बंद पडलंय."

भाऊजींनी घड्याळ कानाला लावलं. हलवलं. पुन्हा लावलं. मग पडल्या चेहऱ्याने नव्हे, एखाद्या मोकळ्या झालेल्या माणसासारखे हसायला लागले, आणि हसताना डोळे पुसले.

"मग मी मोजत काय होतो?"

"मनात," ती म्हणाली. "द्या इकडे. माझ्याकडे लहान बॅटऱ्याही असतात."

त्यांनी पट्टा सोडून घड्याळ तिच्या ओल्या तळव्यावर ठेवलं. कमरेचा दोर मात्र सोडला नाही. ती तशीच, वडिलांना बांधलेली, डेकवर मांडी घालून बसली आणि पाकिटातला बारीक पेचकस काढून घड्याळाचं झाकण उघडायला लागली.

"सावकाश," भाऊजी म्हणाले.

सुकाणूवाल्यांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "काय?"

"तुम्हाला नाही," भाऊजी म्हणाले. "तिला."